डाव्या हाताने साधलेला वेध : कारोय टाकाच

नेमबाजी म्हणजे हाताची करामत, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. आपल्या भागात तर ही समजूत अधिकच पक्की आहे. सूर्यमाळच्या पठारावर, खोडाळ्याच्या रानात किंवा जव्हारच्या दरीखोऱ्यांत वाढलेल्या मुलाला नेम म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही. गुरे राखता राखता गलोलीने चिंचेचा आकडा पाडणे हा त्याच्या बालपणाचाच एक भाग असतो. हात धड असला की नेम आपोआप येतो, असे आपण मानतो. पण याच समजुतीची दुसरी बाजू मात्र आपल्या ध्यानात येत नाही. ज्याचा हात धड नाही, त्याचे नाव आपण खेळाच्या यादीतून परस्पर कमी करतो. झाडावरून पडून मोडलेले कोपर वाकडे सांधले गेले असेल, तापाच्या आजाराने दंड वाळला असेल, खांदा वर उचलत नसेल, तर असा विद्यार्थी खेळाच्या तासाला सावलीत बसून इतरांच्या चपला राखतो. त्याला बसवणाऱ्याच्या मनात दयाच असते. पण दयेने बाहेर ठेवलेला माणूसही अखेर बाहेरच राहतो.

अशा विद्यार्थ्याच्या हाती बंदूक द्यावी काय, आणि द्यायची तर कोणती, हा प्रश्न वरवर पाहता दुकानदाराचा वाटेल. परंतु त्याचे उत्तर शोधू लागलो की वाट एका माणसाच्या चरित्रापाशी येऊन थांबते. तो माणूस म्हणजे हंगेरीचा पिस्तूल नेमबाज कारोय टाकाच. इंग्रजी अक्षरांवरून आपल्याकडे त्याचे नाव कॅरोली टॅकॅक्स असेही लिहितात.

टाकाच यांचा जन्म 21 जानेवारी 1910 रोजी बुडापेस्ट येथे झाला. तरुणपणी ते हंगेरीच्या सैन्यात दाखल झाले आणि तेथेच त्यांच्या हाती पिस्तूल आले. पिस्तुलाने नेम धरण्यात त्यांची बोटे अशी काही रुळली की 1936 सालापर्यंत त्यांची गणना जगातील उत्तम नेमबाजांत होऊ लागली. त्या वर्षी बर्लिनमध्ये ऑलिंपिक सामने भरायचे होते. गुणांच्या बळावर टाकाच यांची निवड होण्यास काहीच हरकत नव्हती. हरकत निघाली ती त्यांच्या हुद्द्याची. ते सार्जंट होते, म्हणजे आपल्याकडच्या हवालदाराच्या पायरीवर. त्या काळी हंगेरीच्या नेमबाजी संघात फक्त कमिशन मिळालेल्या अधिकाऱ्यांनाच स्थान होते. त्यामुळे नेम अचूक असूनही खांद्यावरच्या पट्ट्या आड आल्या आणि टाकाच घरीच राहिले.

बर्लिनच्या सामन्यांनंतर हा नियम उठवण्यात आला. पुढचे ऑलिंपिक 1940 साली तोक्योला होणार होते. टाकाच यांचे वय ऐन उमेदीचे, सराव कडक आणि आता मार्गही मोकळा. परंतु 1938 साली सैन्याच्या प्रशिक्षणात नियतीने घाला घातला. एका सदोष हातबाँबचा स्फोट झाला आणि त्यांचा उजवा हात, म्हणजेच पिस्तूल धरणारा हात, निकामी झाला.

त्यांनी सुमारे एक महिना रुग्णालयात काढला. या महिन्यात त्यांच्या मनात काय चालले असेल याची कल्पनाच करणे बरे. अपघाताने माणसाचा हात जातो तेव्हा त्या हाताबरोबर वर्षानुवर्षांची सवयही जाते. गवयाचा गळा बसावा किंवा लेखनिकाची बोटे आखडावीत, तसेच हे. अशा वेळी सहानुभूतीचे शब्द पुष्कळ मिळतात. कामाची सूचना मात्र क्वचितच मिळते. टाकाच यांनी स्वतःच स्वतःला ती सूचना केली. उजवा गेला, डावा तर शाबूत आहे. रुग्णालयातून बाहेर पडल्यावर त्यांनी कोणालाही पत्ता लागू न देता डाव्या हाताने सराव सुरू केला.

हे वाक्य लिहायला सोपे आहे. पण हात बदलणे म्हणजे काय, हे नेमबाजी जवळून पाहणाऱ्यालाच कळते. पहिली गोष्ट म्हणजे मूठ. स्पर्धेच्या पिस्तुलाची लाकडी मूठ तळहाताच्या खाचांप्रमाणे घडवलेली असते आणि उजव्या हाताची मूठ डाव्याला चालत नाही. दुसरी गोष्ट डोळ्याची. आपल्या दोन डोळ्यांपैकी एक जात्याच पुढारी असतो, आणि ज्या हाताने नेम धरायचा त्याच बाजूचा डोळा पुढारी असला तर मान सरळ राहते. हात बदलला की डोळा आणि हात यांचे जुने नाते तुटते. तिसरी गोष्ट वजनाची. पिस्तूल एका हातात, हात लांब करून धरायचे असते. खांद्यापासून मनगटापर्यंतचे स्नायू हे वजन न थरथरता पेलायला शिकायला महिनोन्‌महिने लागतात. चौथी गोष्ट म्हणजे भरणी. एका हाताने पिस्तूल धरायचे आणि दुसऱ्याने त्यात गोळ्या भरायच्या, अशी रीत असते; ज्याचा दुसरा हात कामाचा नाही त्याला प्रत्येक वेळी नवी युक्ती शोधावी लागते. मूठ, डोळा, वजन आणि भरणी या चारही गाठी वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी नव्याने सोडवायच्या होत्या. वाचकांनी त्या लक्षात ठेवाव्यात, कारण पुढे त्या पुन्हा आपल्या उपयोगी पडणार आहेत.

1939 सालच्या वसंत ऋतूत हंगेरीची राष्ट्रीय पिस्तूल स्पर्धा भरली. टाकाच तेथे आले तेव्हा जुन्या सोबत्यांनी त्यांच्याभोवती गर्दी केली आणि त्यांच्या दुर्दैवाबद्दल हळहळ व्यक्त केली. हा माणूस सामने पाहायला आला आहे, असेच सर्वांना वाटले. आपण पाहायला नव्हे, तर भाग घ्यायला आलो आहोत, असे टाकाच यांनी त्यांना सांगितले, अशी हकीकत सांगितली जाते. त्यांनी भाग घेतला आणि डाव्या हाताने ती स्पर्धा जिंकलीही. त्याच वर्षी जागतिक नेमबाजी स्पर्धेत सांघिक विजेतेपद मिळवणाऱ्या हंगेरीच्या संघातही ते होते.

परंतु या जिद्दीची खरी कसोटी अजून पुढेच होती. 1939 च्या सप्टेंबरात दुसरे महायुद्ध पेटले. 1940 चे ऑलिंपिक झाले नाही आणि 1944 चेही झाले नाही. खेळाडूच्या आयुष्यातली नऊ-दहा वर्षे ही शेतकऱ्याच्या नऊ-दहा पावसाळ्यांसारखी असतात. गेली की परत येत नाहीत. बर्लिनच्या वेळी सव्विशीत असलेला हा नेमबाज लंडनच्या ऑलिंपिकपर्यंत अडतीस वर्षांचा झाला. पहिल्यांदा हुद्दा आडवा आला, मग अपघात आणि मग युद्ध. यांपैकी एकही अडचण त्यांच्या नेमातील दोषामुळे आलेली नव्हती.

1948 च्या उन्हाळ्यात लंडनचे सामने झाले. आपल्या स्वतंत्र देशाचा तिरंगा याच सामन्यांत हॉकीच्या सुवर्णपदकाने प्रथम उंचावला आणि कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव याच सामन्यांत कुस्तीत सहावे आले. टाकाच उतरले होते ते पंचवीस मीटरच्या रॅपिड फायर पिस्तूल या प्रकारात. हा प्रकार मोठा निर्दय आहे. समोर पाच निशाणे एकदम वळून सामोरी येतात. नेमबाजाने खाली धरलेला हात उचलायचा आणि प्रत्येक निशाणावर एकेक अशा पाच गोळ्या झाडायच्या. त्याला आधी आठ, मग सहा आणि शेवटी अवघे चार सेकंद मिळतात. अशा एकूण साठ गोळ्या. चार सेकंदांत पाच गोळ्या म्हणजे विचार करायला जागाच नाही. जे करायचे ते अंगवळणीच पडलेले असावे लागते.

स्पर्धेपूर्वी अर्जेंटिनाचे जगज्जेते कार्लोस सायेन्झ व्हॅलिएंते यांनी टाकाच यांना पाहून आश्चर्याने त्यांच्या येण्याचे कारण विचारले. शिकण्यासाठी आलो, एवढेच नम्र उत्तर त्यांना मिळाले, असे सांगतात. निकाल लागला तेव्हा टाकाच यांचे गुण होते 580. हा नवा जागतिक विक्रम होता आणि तो जुन्या विक्रमाहून दहा गुणांनी सरस होता. 571 गुण मिळवून दुसरे आलेल्या सायेन्झ व्हॅलिएंते यांनी मग त्यांचे अभिनंदन करताना आता तुमचे शिकणे पुरे झाले अशा अर्थाचे उद्गार काढले, अशीही आठवण सांगितली जाते. ती खरी असो वा रंगवलेली असो, गुणफलक मात्र रंगवलेला नव्हता.

चार वर्षांनी 1952 साली हेलसिंकीला टाकाच पुन्हा उतरले, तेव्हा ते बेचाळीस वर्षांचे होते. खाशाबा जाधवांनी स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले ते याच हेलसिंकीत. टाकाच यांनी 579 गुणांनी आपले सुवर्णपदक राखले. केवळ एका गुणाने मागे राहून रौप्यपदक मिळवणारा खेळाडूही हंगेरीचाच, सतरा वर्षांचा सिलार्ड कुन होता. टाकाच यांनी ज्यांना घडवले त्यांत या कुनचे नाव घेतले जाते. आपण जे कष्टाने मिळवले ते दुसऱ्याला हातचे न राखता द्यावे आणि तरीही स्पर्धेत त्याला सूट देऊ नये, याहून गुरूचे वेगळे लक्षण काय असते? या प्रकारात दोन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवणारे ते पहिले नेमबाज ठरले. 1956 साली मेलबर्नला ते आठवे आले. त्यानंतरही 1958 च्या जागतिक स्पर्धेत सेंटर फायर पिस्तूल प्रकारात त्यांनी कांस्यपदक मिळवले. पस्तीस राष्ट्रीय विजेतेपदे आपल्या नावावर लावून आणि पुढे प्रशिक्षक म्हणून काम करून 5 जानेवारी 1976 रोजी बुडापेस्ट येथेच त्यांनी देह ठेवला.

टाकाच यांची कथा सांगून झाली की बहुधा जिद्द या एका शब्दावर तिचा समारोप केला जातो. जिद्द होतीच. परंतु एवढ्यावरच थांबलो तर या चरित्राचा अर्धा अर्थ हाती लागतो आणि तो थोडा घातकही ठरतो. मग आपण सावलीत बसलेल्या मित्राला सांगू लागतो की तूही जिद्द धर. जणू उणीव त्याच्या मनातच होती! टाकाच यांच्या वाट्याला जो काळ आला त्यात अपंग खेळाडूसाठी वेगळे साधन नव्हते, वेगळा गट नव्हता. म्हणून त्यांना स्वतःलाच बदलावे लागले. योगायोग असा की लंडनचे ऑलिंपिक 29 जुलै 1948 रोजी सुरू झाले, त्याच दिवशी इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथील रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमान यांनी चाकाच्या खुर्चीवरील सोळा जखमी स्त्री-पुरुषांची तिरंदाजी स्पर्धा घेतली. त्या बीजातून पुढे पॅरालिंपिक सामने उभे राहिले. आपल्या सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर या जवानाने 1965 च्या युद्धात जखमी झाल्यावर मुष्टियुद्ध सोडून पोहणे धरले आणि 1972 साली हायडेलबर्ग येथे याच सामन्यांत सुवर्णपदक जिंकले. टाकाच वारले त्याच 1976 साली टोरांटोच्या सामन्यांत नेमबाजीचा प्रथम समावेश झाला. टाकाच यांनी एकट्याने सोडवलेल्या गाठी आता नियमांनी आणि साधनांनी सोडवायला सुरुवात झाली होती.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. हाताची हालचाल मर्यादित असलेल्या विद्यार्थ्यासाठी एअर रायफल निवडायची तर मघाच्या त्या चार गाठीच चार प्रश्न होऊन पुढे येतात.

सर्वांत आधी भरणीचा प्रश्न विचारावा, कारण चूक बहुधा तेथेच होते. बाजारात काही हजारांत मिळणारी साधी एअर रायफल स्प्रिंगची असते. प्रत्येक छर्ऱ्यासाठी तिची नळी मोडून खाली ओढावी लागते, म्हणजे आतली स्प्रिंग दाबली जाते. हे काम दोन धडधाकट हातांचे आहे. दहा मीटरच्या सामन्यात साठ छर्रे सोडायचे असतात आणि सरावाचे वेगळेच. ज्याचा खांदा उचलत नाही तो दहाव्या छर्ऱ्यालाच थकेल आणि आपल्याला नेम येत नाही असे समजून बसेल. वस्तुतः नेम त्याला येत असतो. नळी ओढणे येत नसते. त्याच्यासाठी आधीच दाबलेल्या हवेच्या नळकांड्यावर चालणारी रायफल योग्य. तिच्यात लहानशी कळ सरकवून छर्रा ठेवला की झाले. नळकांडे भरायला हातपंप वापरल्यास जोर लागतो, पण ते काम सामन्याआधी सोबती करू शकतो. बोटांनी छर्रा ठेवणेही जमत नसेल तर पॅरा नेमबाजीच्या एसएच-2 या गटात भरणीसाठी मदतनीस घेण्याची नियमानेच मुभा आहे.

दुसरा प्रश्न वजनाचा. स्पर्धेच्या एअर रायफलचे वजन साडेपाच किलोंपर्यंत असू शकते; हलके नमुने चार किलोंच्या आसपास मिळतात. मात्र आकड्यापेक्षा तोल महत्त्वाचा असतो. पुढे नळीकडे जड असलेली हलकी रायफलसुद्धा दुबळ्या हाताला लोंबवते. ज्याला वजन पेलवतच नाही त्याच्यासाठी एसएच-2 गटात स्प्रिंगवर बसवलेला आधार असतो. हा आधार रायफल उचलून धरतो, पण स्थिर धरत नाही. तो स्वतःच डुलतो. तेव्हा यात सवलत मिळते ती वजनाची, नेमाची नव्हे. लक्ष्याच्या मध्यभागचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि तेथवर पोहोचायचे काम श्वासाचे, नजरेचे आणि मनाचेच राहते.

तिसरा प्रश्न दस्त्याचा, म्हणजे टाकाच यांच्या मुठीचा. कोपर पुरते वाकत नसेल तर दस्त्याची लांबी कमी-जास्त करता आली पाहिजे. मान वळत नसेल तर गालाखालची फळी वर-खाली झाली पाहिजे. डाव्या हाताने चाप ओढणाऱ्यास डावखुरा किंवा दोन्ही बाजूंना चालणारा दस्ता हवा. चौथा प्रश्न डोळ्याचा. पुढारी डोळा कोणता हे आधी पाहावे आणि मगच हात ठरवावा. शिवाय कोणता सांधा किती हलतो हे डॉक्टरांकडून समजून घेतल्याविना यांपैकी काहीच ठरवू नये, आणि हाताळून पाहिल्याविना तर मुळीच विकत घेऊ नये. छायाचित्र पाहून घेतलेली रायफल ही दुसऱ्याच्या मापाच्या बुटासारखी असते.

या साऱ्याचा अर्थ एकच. आधी माणूस पाहावा, मग बंदूक. टाकाच यांना बंदुकीच्या मापाचे व्हावे लागले. आज बंदूक माणसाच्या मापाची करता येते. ती करण्याचे सोडून आपण माणसालाच यादीतून वगळत असू, तर अपंगत्व नक्की कोणाकडे आहे?

यावर खर्चाचा मुद्दा निघेल, आणि तो खोटा नाही. स्पर्धेची रायफल लाखांच्या घरात जाते आणि नाचणी-वरईवर चालणाऱ्या घराला ती झेपणार नाही. म्हणून ती एका विद्यार्थ्याची नसावी, महाविद्यालयाची असावी. ज्याचा दस्ता, फळी आणि तोल बदलता येतो अशी एक रायफल अनेक हातांना पुरते. दहा मीटर लांबीची एक बंदिस्त खोली, छर्रे अडवणारी भक्कम पेटी, कागदी लक्ष्ये आणि नळी सदैव लक्ष्याकडेच असावी हा नियम कसोशीने पाळायला लावणारा जाणता शिक्षक, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. शेजारचे महाविद्यालय आणि आपले मिळून हे करायचे ठरवले तर भार आणखी हलका होईल.

खाशाबांना हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले होते. आपल्या गुरुजनांकडून कोणी घर गहाण टाकण्याची अपेक्षा करणार नाही. पुढल्या वर्षी जिमखान्याचे अंदाजपत्रक तयार होईल तेव्हा चेंडू, जाळी आणि बॅटी यांच्याखाली एक ओळ या रायफलीसाठी राखून ठेवावी, एवढीच विनंती आहे. आणि खेळाच्या तासाची यादी करताना सावलीत बसलेल्या त्या विद्यार्थ्याला त्याचा हात कोठवर हलतो, हे एकदा विचारावे.